न पोचलेल्या पत्रांचा माणूस

आमच्या घरमालकांनी माझ्या ट्रंकेतला पाटा भर अंगणात, सगळ्या बिऱ्हाडकरूंच्या देखत बाहेर काढला आणि मला विचारलं, "हे काय हाय?"

पाटा आहे हे त्यांना दिसतच होतं. वरवंटाही होता, माझ्या लग्नातल्या शालूत गुंडाळलेला. दोन्ही सासूबाईंनी स्वतःच्या हातानं ठेवले होते. आफ्रिकेत काळा दगड मिळतो की नाही कुणी बघितलंय, आणि मिळाला तरी त्याला टाकी लावून देणारी वडारीण तिथं कुठून आणायची, असं त्यांचं म्हणणं. मलाही त्यात वावगं काही वाटलं नव्हतं. चार वर्षांनी नवऱ्याकडं संसार मांडायला निघालेली बाई पाट्यावाचून जाणार कशी?

"उचला," घरमालक म्हणाले.

"काय उचलू?"

"ट्रंक. पाट्यासकट. हितनं सात रस्त्याच्या चौकापतूर न्या आणि परत आणा. मी मागनं येतो, पण हात लावणार न्हाई."

मी वीस वर्षांची होते. घागर सोडली तर डोक्यावर काही घेऊन मी रस्त्यानं कधी चालले नव्हते, आणि घागरसुद्धा उजाडायच्या आत. मला वाटलं म्हाताऱ्याचं डोकं फिरलं. पण त्यांच्या आवाजात असं काही होतं की माझे हात आपोआप ट्रंकेच्या कड्यांकडं गेले. फाटकापर्यंत कशीबशी नेली आणि तिथं मटकन खाली बसले. सासूबाई ओसरीवरून ओरडल्या, "माजी सून हमाल न्हाय, अण्णा. तुमाला काय लाजबीज हाय का न्हाय?"

अण्णा शांतपणे आले, पाटा उचलून फाटकाबाहेर लिंबाच्या झाडाखाली ठेवला आणि म्हणाले, "जे सामान तुमाला एकटीला शंभर पावलं नेता येत न्हाई, ते तुमचं न्हवं. ते हमालाचं. हमाल घेऊन पळाला की संसार त्याचा."

दुसऱ्या दिवशी हलकी केलेली ट्रंक घेऊन मला खरंच सात रस्त्यापर्यंत जाऊन यावं लागलं. मागं दहा पावलांवर अण्णा, बगलेत छत्री. दुकानदार गिऱ्हाईक सोडून बाहेर आले. एक टांगेवाला फुकट न्यायला तयार झाला, त्याला अण्णांनी हाकललं. सासूबाई त्या दिवशी जेवल्या नाहीत. मी जेवले, कारण भूक फार लागली होती.

अण्णा पोस्टातून निवृत्त होऊन सोलापूरला आले होते आणि वडिलांच्या जागेवर चार खोल्या बांधून भाडेकरू ठेवत होते. त्यांची सगळी नोकरी मुंबईला, आणि तीही पोस्टाच्या एका अशा खात्यात की जे आहे हेच मला तोवर माहीत नव्हतं. ज्या पत्रांना मालक सापडत नाही, ती सगळी तिथं येतात. माणूस मेलेला असतो, घर सोडून गेलेला असतो, नाहीतर पत्ताच चुकलेला असतो. पाठवणाऱ्याचा ठिकाणा लागावा म्हणून सरकारी हुकमानं ती पत्रं फोडायची आणि वाचायची. हे काम अण्णांनी बावीस वर्षं केलं. "पोचलेलं पत्र मी कधी वाचलं न्हाई," ते म्हणायचे. "न पोचलेली तेवढी वाचली."

त्यातून त्यांना जगाची जी माहिती झाली होती ती विलायत फिरून आलेल्या बॅरिस्टरालाही नसेल. स्वतः ते मुंबईपलीकडं गेले नव्हते, ते कुणापासून लपवतही नव्हते. पण माणसं परमुलखात कुठं अडकतात, कुठल्या बंदरात सामान चुकतं, आगबोटीवर तिसऱ्या दिवशी काय होतं, कुठला कागद नसला की साहेब परत पाठवतो, हे सगळं त्यांना अडकलेल्या माणसांच्याच हातचं वाचून ठाऊक होतं. म्हणून सोलापुरातून कुणीही समुद्रापार निघालं की आधी अण्णांकडं यायचं. गिरणीतला मास्तर विलायतेला चालला, त्याला त्यांनी आठ दिवस माडीवरच्या खोलीत दार लावून मीठ नसलेले उकडलेले बटाटे खायला लावले. मास्तराच्या आईला वाटलं मुलाला कसलं तरी प्रायश्चित्त दिलंय. हजला निघालेल्या एका म्हाताऱ्या विणकराला त्यांनी अंगरख्याच्या आतल्या बाजूला घरचा पत्ता शिवून घ्यायला सांगितलं. तो हसून म्हणाला, "अण्णा, हम अल्ला के घर कू जारे. पता कायकू होना?"

"अल्लाला पत्ता ठाऊक हाय, चाचा," अण्णा म्हणाले. "पोस्टमनला न्हाई." चाचांनी पत्ता शिवून घेतला.

पत्ता हा त्यांचा देव होता म्हणा ना. घरातल्या छत्रीवर, तांब्यावर, चपलांच्या तळव्यावर, जिथं जागा मिळेल तिथं त्यांचं नाव आणि पत्ता. त्यांच्या शेळीच्या गळ्यातसुद्धा लाकडाची चकती, तिच्यावर पत्ता कोरलेला. सगळी आळी हसायची. एकदा गावातून चाललेल्या मेंढरांच्या कळपात ती शेळी मिसळून गेली ती गेलीच. दीड महिन्यानं माळशिरसकडचा एक धनगर तिला दोरीनं धरून दारात उभा. "गावातल्या गुरुजीनं वाचून दावलं," तो म्हणाला. "म्हनलं, लिवल्यालं हाय तर न्हेऊन द्यावं." अण्णांनी शेळीकडं बघितलं आणि म्हणाले, "या. तुमी आत या." ते सगळ्यांनाच तुमी म्हणत. बायकोला, मला, शेळीला. पोस्टातल्या माणसानं कुणाला तू म्हणायचं नसतं, म्हणे.

आणि त्यांची आणखी एक तऱ्हा. स्वतःला आलेलं पत्र ते कधी स्वतः फोडत नसत. काकूंना, म्हणजे त्यांच्या बायकोला, वाचता येत नव्हतं. मग मला हाक मारायचे. मी फोडायची, वाचायची आणि सांगायची. ते भिंतीकडं तोंड करून ऐकायचे.

माझे यजमान नैरोबीला रेल्वेत कारकून होते. लग्न झाल्यावर सहा महिन्यांतच गेले. मी आणि सासूबाई अण्णांच्या एका खोलीत राहायचो, वैरागची थोडी जमीन सासूबाईंचे भाऊ कसायचे. चार वर्षांनी बोटीचं तिकीट आलं, मोंबासापर्यंतचं, आणि पत्र की मी बंदरावर न्यायला येतो. मुंबईचं एक कुटुंब त्याच बोटीनं जाणार होतं, त्यांची सोबत ठरली होती. ऐन वेळी त्यांच्या मुलाला गोवर निघाला आणि त्यांचं जाणं रद्द झालं. माझे वडील संधिवातानं जागचे हलत नव्हते, भाऊ मला नाही. एकटी जा, नाहीतर राहा, एवढंच उरलं. सासूबाई म्हणाल्या ऱ्हाऊ दे. अण्णा म्हणाले, "एकटीनं जायला काय हुतंय? शिकावं लागतंय एवढंच."

मग ते मला शिकवायला लागले, आणि त्या महिन्यात मला जितके धक्के बसले तितके पुढं आफ्रिकेतही बसले नाहीत.

पासपोर्टासाठी फोटो काढायला त्यांनी मला डोक्यावरचा पदर खाली घ्यायला लावला, फोटोवाल्या परक्या पुरुषासमोर. देवी काढल्याचा दाखला, पासपोर्ट, नवऱ्याचं पत्र, सगळ्याच्या नकला करायला लावल्या. एक ट्रंकेत, एक अंगावर, एक घरी. "तीन जागी ठेवा. एक चोर तीन जागी जात न्हाई." बोट सुटायच्या आदल्या दिवशी मुंबईत पोचायचं, त्याच दिवशी नाही. समुद्र लागला की आडवं पडायचं नाही, वर मोकळ्यावर जाऊन लांबवर बघायचं आणि पोटाला कोरडं काहीतरी द्यायचं. कोरड्याच्या बाबतीत मात्र त्यांनी आपल्या मुलखाची बाजू घेतली. कडक भाकरी आणि शेंगाचटणी, दोन्ही महिना महिना टिकतात, दोन्हीला चूल लागत नाही. काकूंनी तीस कडक भाकरी थापून दिल्या. अडचणीत करायची तार त्यांनी माझ्याकडून आधीच लिहून घेतली. "अडकल्यावर अक्षर सुचत न्हाई. आत्ता डोकं हाय तर आत्ता लिवा."

हे सगळं मी सोसलं. पण एका दुपारी त्यांनी ओसरीवर टेबल मांडलं, कुणाची तरी जुनी साहेबी टोपी डोक्यावर चढवली आणि मला समोर उभं केलं. ते बंदरावरचे साहेब आणि मी बोटीतून उतरलेली बाई. सासूबाई दाराआड, काकू जात्यापाशी.

"नाव?" सांगितलं. "गाव?" सांगितलं.

"नवऱ्याचं नाव?"

मी मान खाली घातली. नवऱ्याचं नाव मी कधी उच्चारलं नव्हतं. लग्नात घेतलं असेल तेवढंच, तेही उखाण्यात. मग आता तसंच घ्यावं म्हणून सुरुवात केली, "सिद्धेश्वराच्या तळ्यात कमळाचं पान..."

अण्णांनी टेबलावर मूठ आपटली. "बंदरावरचा साहेब काय हळदीकुंकवाला बसलाय व्हय? नाव सांगा. नाव, बापाचं नाव, आडनाव."

"मी लिहून देते."

"त्याला मराठी वाचता येत न्हाई. तोंडानं."

दहा मिनिटं मी तशीच उभी. शेवटी पुटपुटले. "ऐकू आलं न्हाई." पुन्हा म्हटलं. "मोठ्यानं." असं त्यांनी माझ्याकडून वीस वेळा म्हणून घेतलं. सासूबाईंनी दोन्ही कान हातांनी झाकून घेतले. माझ्या कानशिलातून वाफा निघत होत्या. अंगावरचं लुगडं कुणी ओढल्यावर जसं वाटेल तसं मला वाटलं, यात मी काही वाढवून सांगत नाही.

आणि मग त्यांनी टोपी काढली आणि अगदी हळू आवाजात विचारलं, "नवरा न्यायला आला न्हाई तर?"

"येणार आहेत. पत्रात लिहिलंय."

"पत्र लिवल्याला दोन महिने झाले. न्हाई आला तर?"

"आजारी असतील. उशीर झाला असेल."

"मेला असेल तर?"

काकूंच्या हातातला जात्याचा खुंटा थांबला. सासूबाई दाराआडून बाहेर आल्या. त्या स्वतः विधवा, आणि हा त्यांचा एकुलता एक मुलगा. त्या ओरडल्या नाहीत. अण्णांच्या समोर येऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "तुमच्या जिभंला हाड न्हाय. माज्या लेकराचं मरान हिच्या तोंडावर काढलं तुमी. उद्या खोली खाली करतो आमी."

"करा," अण्णा म्हणाले. "पण हिला उत्तर देऊ द्या. असं झाल्यालं हाय, बाई. मी वाचलंय."

त्यांना उत्तर हवंच होतं. मी रडत होते आणि ते वाट बघत बसले होते. शेवटी त्यांनीच सांगितलं आणि माझ्याकडून पाठ करून घेतलं. "पहिल्या पत्त्यावर जाईन. तिथं कुणी नसलं तर दुसऱ्या. तिथं नसलं तर तिसऱ्या. मग तार करीन." हे तीन पत्ते त्यांनी सोलापूरच्या कापडाच्या पेढ्या पालथ्या घालून मिळवले होते. मोंबासा आणि नैरोबीला ज्यांच्याकडं इथल्या गाठी जायच्या, त्या व्यापाऱ्यांचे. मला ती माणसं ठाऊक नव्हती, अण्णांनाही नव्हती. "एका माणसाच्या भरवशावर समुद्र वलांडायचा न्हाई," ते म्हणाले, "मग तो नवरा का असंना."

खोली आम्ही खाली केली नाही, जायचे दिवस इतके थोडे उरले होते. पण सासूबाई त्यांच्याशी बोलल्या नाहीत आणि मीही बोलले नाही. माझ्या मनात एकच होतं, या माणसानं माझ्या कुंकवाचं अशुभ चिंतलं. निघायच्या दिवशी टांगा दारात आला. मी काकूंच्या पाया पडले, शेजारणींच्या पडले. अण्णा फाटकाशी छत्री घेऊन उभे होते. मी त्यांच्यासमोरून तशीच गेले, नमस्कार केला नाही. त्यांनी काही मागितलंही नाही. फक्त टांगेवाल्याला म्हणाले, "ट्रंक तिला उचलू द्या."

बोटीबद्दल काय सांगू. तिसऱ्या दिवशी डेकवरची निम्मी माणसं ओकून आडवी पडली होती आणि मी वर उभी राहून कडक भाकरीचे तुकडे चघळत होते. खरं सांगते, तेव्हाही मला त्यांचा रागच येत होता, कारण त्यांचं म्हणणं खरं ठरत होतं.

मोंबासाला बोट लागली. धक्क्यावर माणसांची ही गर्दी. मी बोटीच्या कठड्याशी उभी राहून एकेक चेहरा बघत होते. चार वर्षांत हे वाळले असतील, जाड झाले असतील, मिशा ठेवल्या असतील, असं म्हणत प्रत्येकाकडं बघितलं. गर्दी कमी होत गेली. शेवटी धक्क्यावर हमाल राहिले आणि एक कुत्रं.

बोटीवरच टेबल टाकून गोरा साहेब बसला होता, शेजारी एक गोवेकर कारकून. कारकुनानं हिंदुस्थानीत विचारलं, "पती का नाम?" मी नाव, बापाचं नाव, आडनाव असं खणखणीत सांगितलं. माझ्यामागं उभी असलेली बाई दचकून बघायला लागली. "किधर है?" त्यानं विचारलं. मी म्हटलं, आले नाहीत. साहेब कारकुनाशी काहीतरी बोलला आणि कारकुनानं मला समजावलं की न्यायला कुणी आलं नाही तर बाईला उतरू देत नाहीत. याच बोटीनं परत जावं लागेल.

कानात एकच वाक्य घुमायला लागलं, मेला असेल तर. आणि त्याच्या पाठोपाठ तोंडातून, मी काही विचार न करता, पाठ केलेलं बाहेर पडलं, "पहिल्या पत्त्यावर जाईन." कारकुनाला कळलं नाही. मी परकराच्या खिशातला कागद काढून त्याच्यासमोर धरला. व्यापाऱ्याचं नाव वाचून त्यानं भुवया वर केल्या. बंदरावर त्या नावाला वजन असावं. एका हमालाला पिटाळलं.

दोन तास मी ट्रंकेवर बसून होते. मग एक जाडजूड गुजराती शेठ धापा टाकत जिना चढून आला. त्याच्या हातात पत्रं होती. "यह सोलापुर का अण्णा कौन है?" त्यानं आल्या आल्या विचारलं. "चार चिठ्ठी भेजा हमको. बोलता है, ये नाव की बाई ये जहाज से आयेगी, पती न आवे तो तुम जाना. चार चिठ्ठी! हम तो पहिचानता भी नहीं उसको."

त्यानं साहेबाकडं माझी हमी दिली, घरी नेलं, त्याच्या बायकोनं मला गरम पाणी दिलं, आणि नैरोबीच्या आपल्या माणसाला त्यानं तार केली. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं. हे इस्पितळात होते. हिवतापानं पंधरा दिवस शुद्ध नव्हती. मी येणार हे त्यांनी तिथं कुणाला सांगितलेलं नव्हतं, आणि मग सांगायची स्थितीच राहिली नाही.

मी एकटी आगगाडीनं वर गेले. इस्पितळात पोचले तेव्हा हे जागे होते. पार वाळून गेले होते, डोळे तेवढे मोठे. माझ्याकडं बघून ओळखायला वेळ लागला. मग म्हणाले, "तू? कुणाबरोबर आलीस?"

"एकटी."

त्यांना ते खरं वाटलं नाही. ते माझ्या पाठीमागं दाराकडं बघत राहिले, मला घेऊन आलेला पुरुष आत कधी येतो म्हणून. मी ट्रंक खाली ठेवली आणि पाणी कुठं मिळतं ते विचारायला गेले. दुसऱ्या दिवशीही त्यांनी एकदा विचारलंच, खरं सांग, कोण आलंय?

सहा वर्षांनी आम्ही रजेवर सोलापूरला आलो. बरोबर आमची मुलगी होती. सासूबाई वैरागहून आल्या होत्या, नात मांडीवर घेऊन बसल्या होत्या. त्यांनीच मला म्हटलं, "जा, त्या म्हाताऱ्याच्या पाया पडून ये. मी लई बोलले हुते त्येला." मलाही तेच डाचत होतं. मी एकटीच गेले.

अण्णा ओसरीवर बसले होते, बरेच थकलेले. काकू आत चुलीपाशी भाकरी करत होत्या, दार उघडंच होतं. त्यांनी माझा प्रवास विचारला नाही, तो त्यांना मी पाठवलेल्या पत्रांतून ठाऊक होता. मी म्हटलं, "अण्णा, एक विचारू? तुम्ही तेव्हा म्हणाला होता, असं झालेलं आहे, मी वाचलंय. ते काय होतं?"

अण्णा सांगायला लागले.

"एक पाकीट आलं हुतं. वर लिवल्यालं, 'तीर्थरूप दादा यांस, मुक्काम वडगाव.' बस. थोरल्या भावाचं नाव कसं लिवायचं, म्हणून न्हाई लिवलं. आता वडगावं का एक हायत? अकरा वडगावं फिरून आलं ते. अकरा शिक्के पाठीवर."

"आणि आत?"

"आत चार वळी. मी बोटीनं उतरले. हे न्यायला आले न्हाईत. लोक म्हणत्यात वीस दिसांमागं ते वारले. मला हितलं कुणी ठाऊक न्हाई. बंदरावर पत्र्याच्या शेडात बसले हाय. दादा, तू ये. तू येईपतूर हितंच बसते. खाली, तुझी बहीण."

"तुम्हाला ते कधी मिळालं?"

"तिनं लिवल्यावर पाच महिन्यानं."

मी विचारलं, "कुठलं बंदर होतं ते?"

"मोंबासा. शिक्का सोच्छ हुता."

"मग तिथल्या पोस्टमास्तराला लिहायचं ना, अण्णा. अशी बाई होती का, कुठं गेली ते बघा म्हणून."

"व्हय. लिवायला पायजे हुतं. नियमात नव्हतं, पण कुणी अडवलं नसतं." ते आपल्या हातांकडं बघत होते. "ते मला लई वर्सांनी सुचलं. तवा न्हाई सुचलं. नियम असा हुता की मुदत झाल्यावर जाळायचं. मुदत झाल्यावर मी जाळलं."

"पण त्या दिवशी? वाचलं त्या दिवशी तुम्ही काय केलं?"

"त्या दिवशी काय. वाचून हुतंय तोवर दुपारची सुट्टी झाली. हात धुतले आणि डबा खाल्ला."

आतला भाकरी थापल्याचा आवाज थांबला होता. काकू दारात येऊन उभ्या होत्या, हाताला पीठ. त्यांनी हे आधी कधी ऐकलं नव्हतं, ते त्यांच्या चेहऱ्यावरच दिसत होतं.

"मी दिल्याला डबा?" त्यांनी विचारलं.

"तुमीच दिल्याला. मेथीची भाजी हुती."

"समदा खाल्ला?"

"समदा."

काकू आत गेल्या. तव्यावरची भाकरी करपल्याचा वास आला तरी त्यांनी ती काढली नाही. अण्णा भिंतीकडं तोंड करून बसले होते. मी नमस्कार करायला आले होते, पण त्या दिवशी माझ्याच्यानं त्यांच्या पायाला हात लावला गेला नाही. उठून घरी आले. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा गेले, आणि लावला.